जैविक दहशतवाद आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कार्यालयांच्या टपाल विभागांतून, गृहसंस्थांतून, ग्रामपंचायतींतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून पुन्हा पुन्हा येतात. एकच माहिती दोनदा देण्याऐवजी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांच्यासमोर आत्ता संशयास्पद लिफाफा पडलेला आहे त्यांनी थेट प्रश्न ४ वाचावा.

१. जैविक दहशतवाद म्हणजे नेमकं काय? साध्या साथीपेक्षा तो वेगळा कसा?

लोकांना आजारी पाडण्यासाठी किंवा घाबरवण्यासाठी जिवाणू, विषाणू किंवा त्यांचं विष जाणूनबुजून वापरणं म्हणजे जैविक दहशतवाद. फरक हेतूचा आहे, रोगाचा नाही. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून आला काय आणि कुणी मुद्दाम पसरवला काय, रुग्णाला औषध तेच आणि संपर्कातल्या लोकांची यादीही तशीच करायची. आरोग्य यंत्रणेचा पहिला नियम यातूनच येतो: आधी साथ ओळखा आणि थोपवा, हेतूचा शोध समांतर चालू द्या.

बॉम्बस्फोट झाला की घटनास्थळ लगेच कळतं. इथे तसं नसतं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही तास ते काही आठवडे जातात आणि तोवर माणसं वेगवेगळ्या गावांना पांगलेली असतात. म्हणून पहिली खबर बहुतेक वेळा पोलिसांकडून येत नाही. ती येते एखाद्या बाह्यरुग्ण विभागातून.

२. असं खरंच कधी घडलंय का, की नुसतीच भीती आहे?

घडलंय, पण मोजक्या वेळा. दोन घटना नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली १९८४ची, अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या द डॅल्स गावातली. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये तिकडे हललेल्या रजनीश पंथातल्या काही वरिष्ठ शिष्यांनी, स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घराबाहेर पडू नयेत म्हणून, दहा उपाहारगृहांत सॅल्मोनेला जिवाणू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले, ४५ जणांना दाखल करावं लागलं, मृत्यू कुणाचाही झाला नाही. आरोग्य खात्याचा पहिला निष्कर्ष होता की वाढपी आणि स्वयंपाकी यांच्या अस्वच्छतेमुळे हे झालं. खरा प्रकार वर्षभरानंतर पोलीस तपासात उघड झाला.

दुसरी घटना २००१ची. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू (जिवाणूचं निपचित, टिकाऊ रूप) भरलेली पत्रं पाठवली गेली. २२ जण आजारी पडले, त्यातल्या ११ जणांच्या फुप्फुसांना संसर्ग झाला आणि ५ जण दगावले. यातली सर्वांत मोठी चूक टपाल केंद्रात झाली. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या कार्यालयात १५ ऑक्टोबरला पत्र उघडलं गेलं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच औषधं सुरू झाली. ते पत्र ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेलं होतं ते मात्र २१ ऑक्टोबरपर्यंत सुरूच राहिलं. बंद लिफाफ्यातून काही बाहेर येत नाही असं गृहीत धरलं गेलं होतं. त्या केंद्रातले दोन कर्मचारी दगावले. आज कोणत्याही आराखड्यात ‘पत्र जिथे उघडलं तिथले लोक’ एवढीच यादी पुरत नाही. पत्र ज्या ज्या हातांतून आणि यंत्रांतून गेलं ते सगळे त्या यादीत येतात, त्याचं कारण हे.

३. नेमक्या कोणत्या रोगांवर लक्ष ठेवायचं?

सर्वांत वरच्या यादीत सहा नावं असतात: अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळी, प्लेग, देवी, बॉट्युलिझम (जिवाणूच्या विषाने येणारा लुळेपणा), ट्युलरेमिया (सशा-उंदरांकडून येणारा जिवाणूजन्य ताप) आणि इबोलासारखे रक्तस्रावी ताप. यांपैकी देवी हा रोग जगातून संपलेला आहे (प्रश्न १५). काळपुळी आपल्याकडे गुराढोरांत नैसर्गिकरीत्याही आढळते, त्यामुळे तिचा प्रत्येक रुग्ण म्हणजे हल्ला नव्हे. या सहांच्या खालोखाल अन्नपाण्यातून होणारे रोग येतात. द डॅल्समध्ये वापरला गेला तो सॅल्मोनेला या खालच्या यादीतला आहे, हेही लक्षात राहू द्या.

४. ऑफिसात एक लिफाफा आलाय, त्यातून पावडर सांडतेय. काय करू?

क्रम महत्त्वाचा आहे.

लिफाफा हातात असेल तर हलवू नका, हुंगू नका, झटकू नका. जवळच्या टेबलावर अलगद ठेवा. पंखा आणि एसी बंद करा. आपल्याकडच्या ऑफिसात सगळ्यात जास्त नुकसान छताचा पंखा करतो आणि घाबरलेल्या माणसाला तोच आठवत नाही. हाताशी कागद, कापड किंवा कचऱ्याची रिकामी बादली असेल तर ती लिफाफ्यावर हळूच उपडी घाला, शोधत बसू नका.

खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, दाराखालच्या फटीत कापड सरकवा आणि बाहेर एक माणूस उभा करा. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. तोवर डोळे, नाक, तोंड यांना हात लावू नका. मग ११२ वर फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: पावडर बाहेर सांडली आहे की नाही, किती लोक खोलीत होते, कुणाला आत्ता काही त्रास होतोय का.

त्यानंतर यादी. खोलीत कोण होतं, लिफाफा कुणाकुणाच्या हातातून आला, आवक-जावक नोंदवहीत त्याची वेळ काय. नाव, मोबाइल, राहण्याचा पत्ता. ही यादी त्याच तासात झाली नाही तर संध्याकाळी कुणालाच नीट आठवत नाही.

हमखास होणाऱ्या चुका अशा: ‘साहेबांना दाखवू’ म्हणून लिफाफा तीन मजले फिरवला जातो, शिपायाला कोरड्या झाडूने पावडर झाडायला सांगतात, कुणीतरी जवळ जाऊन व्हिडिओ काढतं, कुणीतरी लिफाफा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबताना आतली हवा बाहेर दाबतं. आणि सगळे घाबरून घरी निघून जातात. ही शेवटची चूक निस्तरायला सर्वांत जड. सगळ्यांना त्याच इमारतीत, वेगळ्या मोकळ्या खोलीत थांबवा.

५. पावडर अंगावर सांडली. कपडे जाळायचे का?

नाही. जाळू नका, झटकूही नका. शर्ट शक्यतो डोक्यावरून न काढता बटणं सोडून किंवा सरळ कापून काढा. कपडे, पट्टा, घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बांधून दुसऱ्या पिशवीत घाला आणि वर नाव लिहून पथकाकडे द्या. तो पुरावा आहे. मग साबण आणि भरपूर पाण्याने आंघोळ करा. अंगावर ब्लीच किंवा टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पाणी कधीही ओतू नका. त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेतून जंतू आत जाणं उलट सोपं होतं.

अंगावर काही दिसत नसेल, फक्त त्या खोलीत होता एवढंच असेल, तर हात-तोंड धुणं आणि यादीत नाव असणं पुरे. घरी गेल्यावर नेहमीसारखी आंघोळ करा.

६. सॅनिटायझर चोळला तर चालेल ना?

अँथ्रॅक्सच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. साबण-पाणी बीजाणू मारत नाही, पण धुऊन काढतं, आणि इथे तेच हवं असतं.

टेबल, फरशी पुसण्यासाठी ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण वापरतात. ५ टक्क्यांचं द्रवरूप हायपोक्लोराइट असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी. टीसीएल पावडर असेल आणि तिच्यात ३० ते ३३ टक्के क्लोरीन शिल्लक असेल तर लिटरला साधारण १५ ते १७ ग्रॅम. हे द्रावण रोज ताजं करावं लागतं. उघड्या पोत्यातली जुनी टीसीएल निम्मीही उरलेली नसते आणि लोक ती डोळे झाकून वापरतात. मात्र संशयित पावडर असलेली खोली तुम्ही स्वतः पुसायची नाही. ते प्रशिक्षित पथकाचं काम आहे आणि नमुने घेण्याआधी पुसलं तर पुरावाही जातो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

७. पथकाने तिथल्या तिथे किटवर तपासलं आणि ‘काही नाही’ म्हणाले. निर्धास्त व्हावं का?

जागेवरचं किट फक्त दिशा दाखवतं. ते खोटं ‘आहे’ही सांगतं आणि खोटं ‘नाही’ही. औषध सुरू करायचं की थांबवायचं हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरतं. अहवाल येईपर्यंत नाव-पत्ता देऊन घरी जाता येतं. ताप, खोकला, त्वचेवर फोड असं काही झालं तर पथकाने दिलेल्या नंबरवर कळवायचं.

याला जोडून येणारा दुसरा आग्रह म्हणजे ‘माझ्या नाकाचा स्वॅब घ्या’. पावडर खोलीत कुठवर पसरली हे समजायला स्वॅब तपासणाऱ्यांना उपयोगी पडतो. पण स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून त्या माणसाच्या श्वासातून काही गेलं नाही असं म्हणता येत नाही. औषध कुणाला द्यायचं हे तो माणूस कुठे, किती वेळ होता यावर ठरतं.

८. अँथ्रॅक्सच्या संपर्कानंतर ६० दिवस गोळ्या? एवढ्या का?

श्वासातून गेलेले बीजाणू फुप्फुसात कित्येक आठवडे निपचित पडून राहू शकतात आणि प्रतिजैविक फक्त जागे झालेल्या जिवाणूला मारतं. म्हणून प्रौढांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, आणि उपलब्ध असेल तिथे जोडीला लस, असा क्रम आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा.

२००१ मध्ये अमेरिकेत सुमारे १०,००० लोकांना हा सल्ला दिला गेला आणि निम्म्याहून कमी लोकांनी तो पूर्ण केला. मळमळ, जुलाब आणि ‘मला तर काहीच होत नाहीये’ ही कारणं. गोळ्या एकदम ६० दिवसांच्या न देता दहा-पंधरा दिवसांच्या द्याव्यात आणि पुढच्या वाटपाच्या वेळी त्रास विचारावा, म्हणजे कोण गळतंय ते कळतं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दोन्ही औषधं दूध, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या औषधांबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत. गोळी आणि चहा-दूध एकदम घ्यायची आपल्याकडची सवय इथे आड येते.

९. मग घरात आधीच गोळ्या आणून ठेवू का?

नको. देवी किंवा इबोलासारख्या विषाणूंवर त्यांचा शून्य उपयोग. कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला जुमानतो हे कळल्याशिवाय घेतलेली गोळी निदानही धूसर करते. शिवाय १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगच्या वेळी टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनाशी झाली होती. रुग्णाच्या वाट्याची गोळी शेजाऱ्याच्या कपाटात, असा तो प्रकार होतो.

१०. आम्ही गावात, तालुक्यात प्रॅक्टिस करतो. असा रुग्ण समोर आला तर ओळखायचा कसा?

एका रुग्णावरून क्वचितच ओळखू येतो. चित्र बहुधा दोन-चार रुग्णांनी मिळून तयार होतं. शंका यावी अशा गोष्टी: धडधाकट तरुण माणसं एक-दोन दिवसांत सारख्याच गंभीर आजाराने येणं, त्या ऋतूत किंवा त्या भागात न होणारा रोग, एकाच इमारतीतली किंवा एकाच समारंभातली माणसं, त्याच वेळी परिसरात जनावरं मरणं, नेहमीच्या औषधाला अजिबात दाद न देणं.

फुप्फुसाचा अँथ्रॅक्स सुरुवातीला फ्लूसारखाच वाटतो, पण त्यात नाक सहसा गळत नाही. छातीच्या एक्स-रेत दोन फुप्फुसांमधली जागा रुंदावलेली दिसणं ही मोठी खूण. त्वचेचा अँथ्रॅक्स म्हणजे खाज, फोड, भोवती सूज आणि मग न दुखणारा काळा खपला. ‘न दुखणारा’ हा शब्द केसपेपरवर जरूर लिहा.

न्यूमोनियाच्या प्लेगमध्ये रुग्ण एक-दोन दिवसांत झपाट्याने खालावतो, खोकल्यातून रक्त पडतं. पहिल्या २४ तासांत योग्य प्रतिजैविक सुरू झालं नाही तर वाचण्याची शक्यता फार कमी होते. इथे अहवालाची वाट पाहणं म्हणजे रुग्ण गमावणं.

बॉट्युलिझम आपल्याकडे हमखास चुकतो. ताप नाही, शुद्ध पूर्ण, संवेदना शाबूत, आणि लुळेपणा वरून खाली: आधी पापण्या जड, दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, मग हातपाय. मण्यार चावल्यावरही चित्र असंच दिसतं आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसात आधी मण्यारीचाच विचार करणं बरोबर आहे. पण वेगवेगळ्या घरांतली तीन माणसं एकाच दिवशी पापण्या मिटत आली तर ती मण्यार नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ, घाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या असतात, ते इथे नसतं. गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजारात अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढतो. बॉट्युलिझमच्या प्रतिविषाचा डोस झालेला लुळेपणा घालवत नाही, फक्त वाढणं थांबवतो, म्हणून तो लवकर द्यावा लागतो. बाकी सगळी मदार व्हेंटिलेटरवर.

प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी एक सूचना. रक्ताच्या कल्चरमध्ये ग्रॅम-पॉझिटिव्ह दंडाकार जिवाणूंच्या साखळ्या दिसल्या की ‘त्वचेवरून आलेली भेसळ’ म्हणून सोडून देण्याची सवय आहे आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. रुग्ण गंभीर असेल तर मात्र सोडू नका. प्लेट उघड्यावर हुंगू नका, पुढचं काम थांबवा, वरच्या प्रयोगशाळेला फोन करा.

११. कळवायचं कुणाला? आणि खात्री होईपर्यंत थांबायचं का?

थांबायचं नाही. संशय पुरेसा आहे. तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोन करा, शहरात महापालिकेच्या साथरोग विभागाला. नंबर सापडत नसेल तर १०७५ ही आरोग्य हेल्पलाइन. फोन आधी, ऑनलाइन नोंद नंतर. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात आरोग्य कर्मचारी लक्षणांची, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानाची आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाची नोंद करतात. पण तक्ता भरून ‘सेव्ह’ केला म्हणजे कुणीतरी वाचला असं समजू नका.

‘हल्ला’ हा शब्द वापरायची गरज नाही. ‘एका इमारतीतले चार तरुण, दोन दिवसांत, रक्तमिश्रित खोकला’ एवढं पुरतं. पुढे शीघ्र प्रतिसाद पथक येतं, पोलीस त्यांच्या मार्गाने येतात. रसायन, जंतू, किरणोत्सर्ग हाताळायचं प्रशिक्षण घेतलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. घटना इतर देशांना धोकादायक ठरू शकते का याचा निर्णय सरकारला ४८ तासांत घ्यावा लागतो आणि ‘हो’ असेल तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं लागतं, असा २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा दंडक आहे. ही सगळी साखळी तुमच्या एका फोनने सुरू होते.

१२. नमुना कसा पाठवायचा?

शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी घ्या, पण नमुन्यासाठी डोस लांबवू नका. तीन आवरणं लागतात: झाकण टेपने बंद केलेली नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि न गळणारा डबा, बाहेर कडक खोका. माहितीचा कागद दुसऱ्या आणि तिसऱ्या आवरणामध्ये ठेवा, नळीला गुंडाळू नका. तापमान साधारण २ ते ८ अंश, मात्र रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत. आधी फोन, मग रवानगी. शनिवारी संध्याकाळी न कळवता पाठवलेला खोका सोमवारपर्यंत सुरक्षा चौकीत पडून राहतो.

विषाणूंचे सर्वांत धोकादायक नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातात, तिथे चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. पोलीस तपास शक्य असेल तर नमुना कुणी घेतला, कुणी कुणाकडे कधी दिला, याची सहीनिशी साखळी ठेवा. एक सही राहिली तर न्यायालयात नमुना उभा राहत नाही.

१३. लहान रुग्णालयाने तयारी म्हणून नेमकं काय ठेवावं?

महागड्या यंत्रांपेक्षा चार साध्या गोष्टी. एक, बाहेरून स्वतंत्र प्रवेश असलेली, खिडक्या बाहेर उघडणारी एक खोली. दोन, अंगरखा, हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क यांचे निदान दहा संच, आणि दर सहा महिन्यांनी घालण्या-काढण्याचा सराव. संसर्ग बहुधा किट काढताना होतो: हातमोजे आधी, मास्क सर्वांत शेवटी, प्रत्येक टप्प्याला हात धुणं. तीन, डॉक्सिसायक्लिन. पंचवीस प्रौढ संपर्कांना प्लेगसाठी सात दिवस, रोज दोन म्हणजे ३५० कॅप्सूल. हा साठा बाह्यरुग्ण विभागात फिरवत राहा, म्हणजे मुदत संपून फेकावा लागत नाही. चार, भिंतीवर लावलेली फोन नंबरांची यादी. ती पुष्कळ ठिकाणी असते, पण बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या नंबरसह.

सराव करायचाच तर रात्री अकराला करा. सकाळच्या सरावात सगळे हजर असतात, त्यातून काही कळत नाही.

१४. गावाच्या टाकीत कुणी काही टाकलं तर?

टाकीतलं पाणी प्रचंड, त्यात क्लोरीन, वर गाळणी. त्यामुळे नळयोजनेतून मोठी इजा करणं वाटतं तितकं सोपं नाही. तुमची खरी ढाल म्हणजे नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन. जलसुरक्षकाने क्लोरोस्कोपवर रोज ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून पाहणारी) घेऊन वहीत लिहावी. काल व्यवस्थित असलेलं क्लोरीन आज अचानक शून्य आलं तर ती स्वतःच धोक्याची सूचना समजून टाकी बंद करा आणि कळवा. बहुतेक वेळा कारण फुटलेली पाइपलाइन किंवा संपलेली टीसीएल असतं, पण तेही दुरुस्त करायचंच असतं. झाकणाला कुलूप आणि शिडीची खालची पायरी काढून ठेवणं हा खर्च कुठल्याही ग्रामपंचायतीला परवडतो.

घरी संशय असेल तर पाणी खदखदून उकळा आणि उकळी एक मिनिट राहू द्या. रंग, वास किंवा पृष्ठभागावर तवंग असेल तर उकळूनही वापरू नका, ते रसायन असू शकतं.

१५. माझ्या दंडावर लसीची खूण आहे. देवीपासून मी सुरक्षित आहे ना?

तुमचा जन्म १९८० नंतरचा असेल तर ती खूण बीसीजीची आहे, क्षयाच्या लसीची. देवीचा त्या खुणेशी संबंध नाही. देवीची नेहमीची लस भारतात १९७०च्या दशकाच्या अखेरीस थांबली, मे १९८० मध्ये रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. आजी-आजोबांच्या हातावरच्या मोठ्या, खोलगट खुणा देवीच्या लसीच्या. त्यांचंही संरक्षण इतक्या वर्षांनी बरंचसं ओसरलेलं असतं. विषाणू आता अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटा आणि रशियात कोल्त्सोवो.

देवी पुन्हा दिसलीच तर हाताशी थोडा वेळ मिळतो: संपर्कानंतर तीन दिवसांत लस दिली तर रोग बहुधा टळतो, आठवड्याच्या आत दिली तर सौम्य होतो. कांजिण्यांशी गल्लत होऊ नये म्हणून: देवीचे फोड एका भागात सगळे एकाच अवस्थेत असतात, चेहरा आणि हातपायांवर जास्त, तळवे-तळपायांवरही. कांजिण्यांचे पोटा-पाठीवर जास्त आणि नवे-जुने मिसळलेले.

१६. गोठ्यातलं जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून न गोठलेलं रक्त आहे. हा हल्ला आहे का?

जवळजवळ नक्कीच नैसर्गिक काळपुळी. तरी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेलं जनावर फाडू नका, कातडं सोलू नका, मांस वाटू नका. शरीर उघडलं की जिवाणूचे बीजाणू होतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे धोकादायक राहते. ज्यांनी हाताळलं त्यांची नावं आरोग्य केंद्राला द्या. याच धर्तीवर, सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात किंवा गोव्यात सत्तरीत माकडं मेली तर क्यासनूर फॉरेस्ट डिसीजची, म्हणजे माकडतापाची शंका आधी घ्यायची. तो गोचिडीतून येतो.

१७. रुग्णापासून दुसऱ्याला लागतं का? किती दिवस वेगळं ठेवायचं?

रोगावर अवलंबून आहे आणि इथे सरसकट घबराट सर्वांत निरर्थक. फुप्फुसाचा अँथ्रॅक्स आणि बॉट्युलिझम माणसापासून माणसाला लागत नाहीत. अशा रुग्णाच्या घरच्यांना वाळीत टाकायचं काहीच कारण नाही. फुप्फुसाचा प्लेग लागतो, पण खोकल्याच्या थेंबांतून, जवळून, म्हणजे साधारण दोन मीटरच्या आत. साधा सर्जिकल मास्कही उपयोगी पडतो. रुग्ण योग्य औषध सुरू होऊन ४८ तास आणि सुधारणा दिसेपर्यंत वेगळा. संपर्कातल्यांना सात दिवस औषध, सात दिवस तापमान. देवीच्या संपर्कांवर २१ दिवस लक्ष.

१८. साथ आहे म्हणून सरकार माझ्या घरात घुसू शकतं का?

१८९७चा साथरोग कायदा आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा प्रशासनाला तपासणी, विलगीकरण, प्रवासबंदी असे व्यापक अधिकार देतात. अधिकार आहेत म्हणून ते कसेही वापरावेत असं नाही, हे पुण्याइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला माहीत नसेल. १८९७च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून, देवघरात बूट घालून, बायकांना रस्त्यावर आणून झडत्या घेतल्या. लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. त्याच काळात मुंबईत हाफकिनची प्लेगची लस तयार झालेली होती. लस हाताशी असून विश्वास नसला तर काय होतं, ते इथे दिसलं.

म्हणून आजचा व्यवहार असा असावा: पथकात स्थानिक आशा किंवा आरोग्यसेविका असावी, ओळखपत्र दाखवावं, वेगळं ठेवलेल्या कुटुंबाचा किराणा आणि बुडालेली मजुरी याची व्यवस्था आधी सांगावी. रोजंदारीवरच्या माणसाला ‘२१ दिवस घरी बस’ म्हणणं सोपं आहे, पण त्याचं पोट न पाहता म्हटलं तर तो रात्री निघून जातो.

१९. व्हॉट्सॲपवर ‘शहरात विषाणू सोडला’ असं फिरतंय. शहर सोडू का?

नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेतून लाखो लोक पळाले, कित्येक खाजगी दवाखाने बंद झाले, आणि पळणाऱ्यांबरोबर भीती मुंबई-दिल्लीपर्यंत गेली. रोग अंगात असेल तर तुम्ही तो गावी नेता. नसेल तर गर्दीच्या डब्यात तो लागण्याची संधी देता, आणि औषधवाटपाच्या यादीतून तुमचं नाव सुटतं ते वेगळंच. जिल्हाधिकारी, महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचं निवेदन पाहा. प्रशासनासाठीही एक आग्रह: रोज ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने बोलावं, नवीन काही नसेल तरीही. दोन दिवस शांतता राहिली की ती जागा अफवा घेते.

२०. हल्लाच होता आणि कुणी केला, हे कधी कळतं?

पुष्कळदा उशिरा. द डॅल्सला एक वर्ष लागलं. २००१च्या पत्रांचा तपास २०१०पर्यंत चालला. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्याच एका शास्त्रज्ञाने ती पाठवली असा निष्कर्ष निघाला, पण आरोप दाखल होण्याआधीच, २००८ मध्ये, त्याने आत्महत्या केली होती. २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने म्हटलं की केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून पत्रांतल्या बीजाणूंचा उगम निर्विवाद ठरवता येत नाही. तेव्हा आठवड्याभरात ‘मागे कोण’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्या चॅनेलवर किती विसंबायचं ते ठरवा.

२१. मी आधीच मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेतो. गरोदर असेन तर? लिफाफा परवाच फेकून दिला असेल तर?

तीन वेगळे प्रश्न आहेत, पण एकत्रच येतात.

मुरमांचा डोस बहुधा कमी असतो आणि अनेकदा मधेच बंद केला जातो. त्यावर विसंबू नका. यादी करणाऱ्या पथकाला डोससह सांगा, ते तो वाढवतील किंवा औषध बदलतील. दोन्हीकडून मिळालेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. फिट्सचं, रक्त पातळ करायचं किंवा दम्यासाठी थिओफिलिनचं औषध चालू असेल तर तेही सांगा, सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे त्यांचा परिणाम बदलतो.

गरोदर आणि स्तनदा मातांना, तसंच मुलांना, ही औषधं एरवी टाळली जातात. खऱ्या संपर्कात मात्र रोगाचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो, म्हणून ती दिली जातात: गरोदरपणात सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन आधी, मुलांना वजनानुसार डोस. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

लिफाफा फेकला असेल तर कचऱ्यात हात घालून शोधू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या डब्यात टाकला आणि कचरा कोण, किती वाजता घेऊन गेलं ते लिहून ११२ वर कळवा. घंटागाडीवरचा कामगार आणि कचरा वेगळा करणारी बाई यांची नावं तुमच्या नावाआधी यादीत यायला हवीत. ब्रेंटवुडमध्ये (प्रश्न २) सुटली ती याच प्रकारची माणसं. तुम्हाला स्वतःला संपर्काच्या दिवसापासून ताप, खोकला, धाप किंवा न दुखणारा फोड यांवर लक्ष ठेवायचं आहे. डॉक्टरांकडे गेलात तर ‘थंडी-ताप’ सांगण्याआधी लिफाफ्याची गोष्ट सांगा.